लिव्हरचं ऑपरेशन पोट उघडून की रोबोटने? फायदा किती, पैसे किती

मोठ्या खासगी रुग्णालयात यकृतातली गाठ काढायचं ठरलं की हल्ली नातेवाइकांपुढे दोन अंदाजपत्रकं ठेवली जातात. एक पोट उघडून करायच्या ऑपरेशनचं, दुसरं रोबोटिकचं. दुसऱ्याचा आकडा चांगलाच मोठा असतो. सोबत सांगितलं जातं की रोबोटिकमध्ये दुखणं कमी आणि घरी लवकर जाता येतं. हे बऱ्याच अंशी खरंही आहे. पण दुखणं नेमकं कशामुळे कमी होतं, आणि रुग्णालयातले जे दिवस वाचतात त्यातून जादा पैसे भरून निघतात का, हे बसून समजावणारं कुणी भेटत नाही. निर्णय मात्र चार दिवसांत घ्यायचा असतो, तोही घरातलं माणूस आजारी असताना. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी यकृताबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं काही कळत नाही. यकृत सव्वा ते दीड किलोचं असतं आणि दर मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त त्यातून जातं. हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा हा साधारण चौथा हिस्सा. त्यातलं तीन चतुर्थांश आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं धमनीतून. रक्त आत आणणाऱ्या वाहिन्या आणि बाहेर नेणाऱ्या शिरा शेजारशेजारच्या दोन झाडांच्या फांद्यांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि वरून बघणाऱ्याला दिसतो तो फक्त गुळगुळीत तपकिरी पृष्ठभाग. क्लोद क्विनो या फ्रेंच शल्यविशारदाने १९५०च्या दशकात या फांद्यांचा माग काढून यकृताचे आठ भाग, म्हणजे खंड, पाडले. प्रत्येक भागाचा रक्तपुरवठा आणि पित्तनलिका वेगळी, त्यामुळे एक भाग काढला तरी शेजारचा जगतो. आजही सर्जन आपसात बोलताना ‘सहा-सात काढायचे आहेत’ असंच बोलतात.

कापल्यावर यकृत पुन्हा वाढतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मात्र त्यासाठी मागे पुरेसं उरावं लागतं. निरोगी यकृत असेल तर साधारण २० ते २५ टक्के उरलं तरी निभावतं. बरीच केमोथेरपी झाली असेल तर ३० टक्के हवं. सिरॉसिस (यकृत निबर होऊन आकसणं) असेल तर ४० टक्के. सर्जन ऑपरेशनआधी सीटी स्कॅनवरून हे मोजून घेतात. कमी उरणार असेल तर गाठीच्या बाजूची पोर्टल शिर आधीच बंद करून दुसरी बाजू काही आठवडे वाढू देतात. ऑपरेशननंतर यकृत निकामी होण्याचा धोका मुख्यतः या हिशेबावर ठरतो. पोट उघडा नाहीतर रोबोट आणा, हा हिशेब बदलत नाही.

आता पोट उघडून करतात म्हणजे काय करतात? यकृत उजव्या बरगड्यांच्या आत दडलेलं असतं. तिथवर हात जायचा तर छातीच्या हाडाखालून चीर सुरू करून ती खाली आणि मग उजवीकडे वळवून कमरेच्या बाजूपर्यंत न्यावी लागते. पोटाचे स्नायू आडवे कापले जातात आणि बरगड्या लोखंडी चौकटीला अडकवून वर ओढून धरतात. यकृताकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या जुडग्याभोवती एक फीत टाकून ठेवतात. रक्तस्राव वाढला की ती आवळायची. जेम्स हॉगार्थ प्रिंगल या सर्जनने १९०८ मध्ये सांगितलेली ही युक्ती आजही रोज वापरली जाते. पंधरा मिनिटं आवळायची, पाच मिनिटं सोडायची, असं आळीपाळीने. त्याच वेळी भूलतज्ज्ञ शिरांमधला दाब मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे कापलेल्या बाजूने रक्त कमी झिरपतं. अल्ट्रासाऊंडच्या कंपनांनी यकृताची पेशी फोडून शोषून घेणारं एक उपकरण असतं. त्याने मऊ भाग निघून जातो, वाहिन्या तेवढ्या उघड्या राहतात आणि एकेक बांधत पुढे जाता येतं. आणि सर्जनचा हात आत असतो. गाठ कुठवर आहे, हे बोटांना कळतं.

या पद्धतीत यकृतावरचं काम उत्तम होतं. रुग्णाला पुढे छळते ती चीर. खोल श्वास घेतला की दुखतं, म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकायला घाबरतो, मग कफ साठतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते. उठून चालायला उशीर होतो. जखम चिघळू शकते, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याच जागी हर्निया होऊ शकतो.

रोबोटिकमध्ये ही चीर टळते. यंत्र स्वतःच्या मनाने काही करत नाही. सर्जन त्याच खोलीत काही फुटांवर एका कन्सोलमध्ये डोकं घालून बसतो आणि त्याच्या बोटांच्या हालचाली चार यांत्रिक हात पोटात करतात. पोटावर पेनाच्या जाडीएवढी चार-पाच भोकं पडतात. आतली अवजारं मनगटासारखी वळतात, हाताचा बारीक कंप यंत्र गाळून टाकतं, चित्र मोठं आणि त्रिमितीय दिसतं. शिरेतून एक हिरवं द्रव्य दिलं की विशिष्ट प्रकाशात यकृताचा कोणता भाग कोणत्या वाहिनीवर जगतो ते रंगाने वेगळं दिसतं, त्यामुळे कापायची रेघ नेमकी आखता येते. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. त्याचा दाब शिरांमधून झिरपणारं रक्तही आवरतो. काढलेला तुकडा पिशवीत घालून बहुधा ओटीपोटावरच्या आडव्या चिरेतून बाहेर काढतात. ही चीर बरगड्यांखालच्या चिरेपेक्षा पुष्कळ कमी दुखते आणि तिथे हर्नियाही क्वचित होतो.

उणिवाही खऱ्या आहेत. बहुतेक यंत्रांवर सर्जनला स्पर्श कळत नाही. किती जोर लागतोय हे डोळ्यांनी ताडावं लागतं. स्पर्शाचा थोडाफार अंदाज देणारं नवं मॉडेल अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालं. पेशी फोडून शोषणारं जे उपकरण मघाशी सांगितलं, ते रोबोटच्या हातात नेहमीसारखं बसत नाही, म्हणून सर्जनला दुसऱ्या अवजारांनी काम भागवायला शिकावं लागतं. आणि मोठ्या शिरेतून अचानक रक्त आलं तर यंत्राचे हात सोडवून, बाजूला सारून पोट उघडण्यात मोलाची मिनिटं जातात. तयारीच्या टीमला याची तालीम असते. नवख्या टीमकडे हीच वेळ सगळ्यात धोक्याची.

दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोटला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २००० साली परवानगी दिली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच इटलीत ग्रोसेतो इथल्या रुग्णालयातून पिएर क्रिस्तोफोरो ज्युलियानोत्ती यांनी रोबोटने केलेल्या यकृताच्या शस्त्रक्रियांची नोंद प्रसिद्ध केली. पुढे ते शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात गेले, आणि खर्चाची जी तुलना मी पुढे सांगणार आहे ती त्याच विद्यापीठातली आहे.

निकालांकडे येऊ. इथे एक गोष्ट बहुतेक चर्चांमध्ये सुटते. रोबोट विरुद्ध उघडं ऑपरेशन अशी तुलना करताना मधला तिसरा पर्याय, म्हणजे दुर्बिणीतून केलेली साधी लॅप्रोस्कोपी, बाजूलाच राहते. आणि सगळ्यात भक्कम पुरावा नेमका तिच्याबद्दल आहे.

नॉर्वेत ऑस्लो विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१२ ते २०१६ या काळात २८० रुग्णांवर एक चाचणी झाली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलेले हे रुग्ण. कुणाचं पोट उघडायचं आणि कुणाची लॅप्रोस्कोपी करायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक ठरवलं. यामुळे सोप्या केसेस एका बाजूला आणि अवघड दुसऱ्या बाजूला, असं होत नाही. ऑपरेशननंतर महिनाभरातली गुंतागुंत उघड्या गटात ३१ टक्के, लॅप्रोस्कोपीत १९ टक्के. रुग्णालयातला मुक्काम ९६ तासांवरून ५३ तासांवर आला. खर्च दोन्हीकडे सारखाच पडला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ५५ आणि ५४ टक्के, म्हणजे फरक नाही. या रुग्णांची गाठ आणि तिच्याभोवतालचा थोडा भाग काढायचा होता. अर्धं यकृत काढायच्या मोठ्या ऑपरेशनांवर युरोपातल्या १६ केंद्रांनी मिळून चाचणी केली, तिचे निकाल २०२४ मध्ये आले. स्वतःच्या पायावर उभं राहायला उघड्या गटाला पाच दिवस लागले, लॅप्रोस्कोपीच्या गटाला चार.

मग रोबोट लॅप्रोस्कोपीपेक्षा किती पुढे? जर्मनीत ८० रुग्णांवर यादृच्छिक चाचणी झाली, तीही २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑपरेशननंतरच्या तीन महिन्यांत रुग्णांचं रोजचं जगणं कसं होतं हे विचारलं, तर दोन्ही गट सारखेच.

यातून मी काढतो तो अर्थ असा: उघड्या ऑपरेशनशी तुलना करून रोबोटचे जे फायदे सांगितले जातात, त्यांतले बहुतेक लहान छिद्रांचे फायदे आहेत. कमी दुखणं, कमी न्यूमोनिया, लवकर घर, हे सगळं लॅप्रोस्कोपीही देते. रोबोटचं स्वतःचं देणं वेगळं आहे आणि तेही महत्त्वाचं आहे. यकृताच्या मागच्या-वरच्या भागात, सातव्या-आठव्या खंडात गाठ असेल तर लॅप्रोस्कोपीची सरळ अवजारं तिथे नीट वळत नाहीत. रोबोटची वळतात. त्यामुळे एरवी ज्यांचं पोट उघडावंच लागलं असतं अशा काही रुग्णांचं काम छिद्रांमधून होतं, आणि सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच सोडून पोट उघडायची वेळही कमी येते. सिरॉसिसच्या रुग्णांना छिद्रांचा फायदा आणखी जाणवतो. त्यांच्या पोटाच्या भिंतीत रक्ताने स्वतःच काढलेल्या आडवाटा असतात. मोठ्या चिरेने त्या तुटतात आणि पोटात पाणी साठायला लागतं.

याउलट, डाव्या टोकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडातली लहान गाठ असेल तर लॅप्रोस्कोपी हीच प्रस्थापित पद्धत आहे. अमेरिकेत लुईव्हिल इथे जमलेल्या तज्ज्ञांनी २००८ मध्येच तसं सांगितलं होतं. तिथे रोबोटसाठी जादा पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही. असं अंदाजपत्रक हातात आलं तर लॅप्रोस्कोपीने का नाही, हे जरूर विचारा.

रोबोट आणि उघडं ऑपरेशन यांची थेट तुलना करणारे अभ्यास पुष्कळ आहेत, पण बहुतेक मागे वळून जुन्या नोंदी तपासणारे. त्यात अडचण अशी की लहान आणि कडेची गाठ सर्जन रोबोटकडे पाठवतो, महाशिरेला (यकृतामागून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला) चिकटलेली मोठी गाठ पोट उघडून करतो. मग रोबोटच्या गटाचे निकाल चांगले येणारच. संशोधक सारख्या वयाचे, सारख्या गाठीचे रुग्ण जोड्या लावून हा दोष कमी करतात, पण पूर्ण जात नाही. कॅन्सरच्या बाबतीत तर ‘कमी चीर म्हणजे चांगलंच’ हे गृहीत धरणं धोक्याचं आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर २०१८ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत लॅप्रोस्कोपी आणि रोबोटने ऑपरेशन झालेल्या स्त्रियांपैकी साडेचार वर्षांनी ८६ टक्के आजारमुक्त होत्या, तर पोट उघडून झालेल्यांपैकी ९६.५ टक्के. सगळ्या जगाला वाटत होतं त्याच्या उलट हा निकाल. यकृतात तसं झालेलं नाही, ऑस्लोचे आकडे दिलासा देणारे आहेत. तरी आपल्या सर्जनला गाठीभोवतीची कड स्वच्छ निघते का, हे विचारायला संकोच नको.

आता पैसे. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठाने २०१७ मध्ये आपल्याच रुग्णालयातल्या सव्वाशेच्या आसपास रुग्णांचा हिशेब मांडला. ऑपरेशन थिएटरमधला खर्च रोबोटचा जास्त. पण अतिदक्षता विभागातले आणि वॉर्डातले दिवस कमी पडले, गंभीर गुंतागुंत कमी झाली. पुन्हा दाखल व्हावं लागलेल्यांचा खर्च धरूनही सरासरी रोबोटिकला सुमारे ३७,५०० डॉलर आणि उघड्या ऑपरेशनला सुमारे ४२,००० डॉलर आली. म्हणजे महागडं यंत्र वापरून एकूण बिल कमी! हा निष्कर्ष आपल्याकडेही सांगितला जातो. तो इथे जसाच्या तसा लागू होत नाही, आणि का ते बघण्यासारखं आहे.

अमेरिकेत रुग्णालयातला एकेक दिवस प्रचंड महाग असतो. नर्स, डॉक्टर, खाट, सगळ्याचे दर तिथले. चार दिवस वाचले की हजारो डॉलर वाचतात आणि यंत्राचा जादा खर्च त्यात बुडून जातो. आपल्याकडे खाटेचा दिवस रुपयांत आणि तुलनेने स्वस्त, पण दा विंची आणि त्याची अवजारं डॉलरच्या भावाने येतात. बचत रुपयांत, खर्च डॉलरमध्ये.

समजण्यासाठी एक ढोबळ गणित करू. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत. यंत्र १६ कोटींचं, चालणार आठ वर्षं, म्हणजे वर्षाला २ कोटी. देखभालीचा करार किमतीच्या दहा टक्के धरला तर वर्षाला आणखी १ कोटी ६० लाख. एकूण ३ कोटी ६० लाख. त्या यंत्रावर वर्षाला ४०० ऑपरेशनं झाली तर प्रत्येकाच्या वाट्याला ९० हजार येतात. १२० झाली तर ३ लाख. यंत्र तेच, सर्जन तोच, तरी रुग्णामागचा बोजा तिपटीहून जास्त. म्हणून जिथे मूत्रविकार, स्त्रीरोग, पोट असे अनेक विभाग एकच यंत्र दिवसभर वापरतात तिथे ते परवडतं. जिथे ते जाहिरातीसाठी आणून ठेवलंय, तिथे ते भागवण्याचं ओझं कुणावर तरी पडतंच.

यावर अवजारांचा खर्च. मनगटी अवजारांना वापराची मर्यादा असते. तेवढे वापर झाले की अवजार कितीही नवं दिसत असलं तरी यंत्र ते चालवून घेत नाही. वाहिन्या बंद करणारी काही अवजारं तर एकाच रुग्णासाठी असतात. यकृताच्या ऑपरेशनात ती हटकून लागतात.

दुसरी बाजू बघू. खाटेचे रोजचे १५ हजार धरले आणि चार दिवस वाचले तर ६० हजारांची बचत. गणित जुळत नाही. मात्र बिलावर न दिसणारी बचतही असते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. लातूर-नांदेडहून मुंबईला आलेल्या कुटुंबात रुग्णासोबत निदान दोन माणसं असतात. त्यांची खोली, जेवण, बुडालेली मजुरी किंवा बिनपगारी रजा, हे सगळं मुक्काम कमी झाला की वाचतं. रुग्ण पंधरा दिवस आधी कामाला लागला तर तेही पैसेच. पुढची केमोथेरपी ठरलेल्या वेळी सुरू होणं याची तर किंमतच करता येत नाही. यंत्राचा भावही उतरू शकतो: गुरुग्राममध्ये तयार झालेला एसएसआय मंत्र हा भारतीय रोबोट २०२२ मध्ये बाजारात आला.

यकृतदात्याचा विचार मात्र मी वेगळा करतो. भारतात बहुतेक यकृत प्रत्यारोपणं जिवंत दात्याच्या यकृतावर होतात. दाता निरोगी असतो, ऑपरेशनने त्याचा स्वतःचा काहीच आजार बरा होत नाही. अशा माणसाच्या पोटावरची मोठी चीर आणि पुढचा हर्निया टळत असेल तर जादा खर्चाला मोठा अर्थ आहे. रियाध, सोल आणि आपल्याकडे कोची इथल्या केंद्रांनी हे काम मोठ्या संख्येने केलं आहे. अट एकच, सर्जन त्यातला मुरलेला हवा.

ही अट सगळ्याच रुग्णांना लागू आहे. यंत्र कोणतं यापेक्षा, ‘तुम्ही यकृताची अशी किती ऑपरेशनं रोबोटने केली आहेत आणि त्यांतल्या कितींत मध्येच पोट उघडावं लागलं’ हा प्रश्न जास्त मोलाचा. चांगला सर्जन याचं उत्तर मोकळेपणाने देतो. गाठ महाशिरेत घुसलेली असेल, यकृताच्या मुखाशी पित्तनलिकेचा कॅन्सर असेल आणि वाहिन्या पुन्हा जोडाव्या लागणार असतील, तर बहुतेक अनुभवी सर्जन पोट उघडायलाच सांगतील. त्या वेळी आपल्याला कमी दर्जाचा उपचार मिळतोय असं वाटून घेऊ नका. आणि ज्यांना पैशांअभावी रोबोट नाकारावा लागतोय त्यांनीही मनाला लावून घेऊ नये; उघड्या ऑपरेशनने कॅन्सर कमी निघतो असा पुरावा नाही.

विम्याचं शेवटी सांगतो, कारण डिस्चार्जच्या दिवशी भांडण होतं ते इथेच. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत रोबोटिक शस्त्रक्रिया आरोग्य विम्यातून सरसकट वगळता येणार नाही असं सांगितलं होतं. मात्र कंपनी तिच्यावर उप-मर्यादा घालू शकते. पॉलिसी १० लाखांची असली तरी रोबोटिकसाठी त्यातला ठरावीक हिस्साच मिळेल, अशी ओळ आत बारीक अक्षरात असू शकते. ती शोधा. पूर्वमंजुरीचा अर्ज भरताना रुग्णालयाकडून रोबोट वापरण्याचं शुल्क आणि अवजारांचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या, आणि मध्येच पोट उघडावं लागलं तर रोबोटचे पैसे लागतील की नाही हेही त्याच कागदावर लिहून मागा.